स्पोर्ट्‌स कार विजेवर गेली तर ती स्पोर्ट्‌स कार राहते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावात राहणाऱ्याला रविवारी गजर लावावा लागत नाही. सकाळी सहा-साडेसहाला मरीन ड्राइव्हवरून एखादी दहा नाहीतर बारा सिलिंडरची गाडी कोस्टल रोडच्या बोगद्याकडे सुटते आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरची तावदानं थरथरतात. आई त्या गाडीवाल्याचा उद्धार करते, मी चहाचं आधण ठेवतो आणि आवाजावरून गाडी ओळखायचा प्रयत्न करतो. बहुतेक वेळा चुकतो.

गाड्यांवर लिहितो म्हणून लोक मला प्रश्न विचारतात. पूर्वी दोनच असायचे: कितीला पडते आणि अ‍ॅव्हरेज काय देते. गेल्या चार-पाच वर्षांत त्यात विजेची भर पडली. भाचा विचारतो, सोसायटीतले काका विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही विचारतो. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

मुळात अडचण काय आहे? विजेवर गाडी उलट जास्तच पळते ना?

पळते, आणि तीच तर अडचण आहे.

टाटाची हॅरियर ईव्ही ही घरातल्या सगळ्यांना, सामानासकट, कोकणात नेणारी गाडी. तिचं चारही चाकं खेचणारं मॉडेल थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटर गाठायला ६.३ सेकंद घेतं. एमजी सायबरस्टर ही दोन सीटची उघड्या टपाची गाडी २०२५च्या जुलैत भारतात ७५ लाखांच्या आतबाहेर आली; तिला ३.२ सेकंद पुरतात. आता पोर्शे ९११ घ्या. साधी कॅरेरा दोन कोटींच्या घरात जाते आणि चार सेकंदांच्या आगेमागे शंभर गाठते.

म्हणजे सव्वा कोट जास्त मोजून तुम्ही मागे राहिलात.

वेगाची किंमत मोजावी लागते, ही गोष्ट सत्तर-ऐंशी वर्षं कोणाला पटवून द्यावी लागली नाही. इटलीतले किंवा जर्मनीतले लोक महागडी गाडी विकायचे, कारण तसं इंजिन बनवणं बाकीच्यांना जमत नव्हतं. आवाज, आकार, चामड्याचा वास, बॉनेटवरचा घोडा, हे सगळं त्या एका पुराव्याच्या आधाराने उभं होतं. मोटर आणि बॅटरी बाजारात विकत मिळायला लागल्यावर तो पुरावा कोणालाही उभा करता येतो. उरलेल्या गोष्टी आता स्वतःच्या पायावर उभ्या राहतात का, एवढाच खरा प्रश्न आहे. खालची बहुतेक उत्तरं फिरून याच प्रश्नापाशी येतात.

विजेची मोटर इतकी झटकन कशी खेचते?

मुंबईकराने हे विचारू नये. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली तेव्हापासून आपण रोज याचा अनुभव घेतोय. बारा डब्यांत माणसं कोंबलेली असतात, गार्ड बेल देतो आणि लोकल क्लच नाही, गिअर नाही, कुरकुर नाही, सरळ निघते. विजेच्या मोटरला चाक थांबलेलं असतानाच पूर्ण पीळ (टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर) देता येतो.

पेट्रोल इंजिनाला ते जमत नाही. ते आधी फिरवत ठेवावं लागतं आणि त्याची ताकद ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच मिळते. तो पट्टा हातातून जाऊ नये म्हणून गिअर आले. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना एकच गिअर पुरतो. पोर्शे टायकानच्या मागच्या आसाला दोन आहेत, पण तो अपवाद.

गंमत अशी की गिअर ही इंजिनाच्या दुबळेपणावर काढलेली पळवाट होती. ती पळवाट नीट वापरायला कसब लागायचं. वळणाच्या आधी ब्रेक, क्लच, खालचा गिअर, मध्येच रेस. हात आणि पाय एका तालात आले की माणसाला वाटायचं, आपल्याला गाडी येते. ज्याला आपण स्पोर्ट्‌स कारची मजा म्हणतो तिचा मोठा भाग यंत्राच्या उणिवांशी जुळवून घेण्यात होता. मोटरमध्ये त्या उणिवाच नाहीत. मग माणसाने करायचं काय?

आवाजाचं एवढं काय घेऊन बसलात?

घेऊन बसलोय खरा, कारण कंपन्यांची सगळ्यात मोठी गोची इथेच आहे.

इंजिनाचा आवाज कोणी मुद्दाम घातलेला नसतो. सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटतात, क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल गोल फिरवणाऱ्या दांड्याची, घडण कशी आहे, धुराची नळी किती लांब आहे, यातून तो आपोआप तयार होतो. फेरारीच्या व्ही-८चा (आठ सिलिंडरच्या इंजिनाचा) चिरका सूर आणि अमेरिकन व्ही-८ची गुरगुर यांतला फरक बराचसा क्रँकशाफ्टमुळे. आवाज ऐकला की आत काय चाललंय ते कळतं. कुर्ल्यातले जुने मेकॅनिक बॉनेट न उघडता टॅपेट सैल झाल्याचं सांगायचे ते याच जोरावर.

मोटरचा आवाज अगदी नसतो असं नाही, पण कमी असतो. मग कंपन्यांनी वाटा शोधल्या. बीएमडब्ल्यूने हॅन्स झिमर या चित्रपट-संगीतकाराकडून आवाज बांधून घेतले. आपल्या महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई साठी ए. आर. रहमानना गाठलं. डॉजने चार्जर नावाच्या आपल्या इलेक्ट्रिक गाडीला चक्क आवाज घुमवणारी पेटी बसवली. ह्युंदाईच्या आयॉनिक ५ एनने सगळ्यांवर कडी केली: गिअर नाहीत, तरी गिअर बदलल्याचा झटका आणि आवाज ती हुबेहूब देते. लटक्या गिअरला मी आधी नाकं मुरडली होती. पण ज्यांनी ती ट्रॅकवर चालवली ते म्हणतात, वळणावर आपला वेग किती झालाय ते कानाने कळायला त्याचा उपयोग होतो. हे पटण्यासारखं आहे.

फेरारीची वाट मला जास्त प्रामाणिक वाटते. त्यांनी मागच्या आसावर कंपनं टिपणारा सेन्सर बसवला. मोटर आणि गिअरचाकांची खरीखुरी थरथर तो उचलतो आणि इलेक्ट्रिक गिटारचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून येतो तशी ती वाढवून ऐकवतो. आवाज मोठा केलाय, पण गाडीचाच आहे.

विजेच्या यंत्राला स्वतःचा सूर नसतो असं म्हणणाऱ्याने दादरच्या फलाटावर डोळे मिटून उभं राहावं. सीमेन्सची यंत्रणा असलेला रेक सुटताना जो चढत जाणारा सूर काढतो तो ओळखणारी शाळकरी पोरं मी पाहिली आहेत. त्या सुराला कोणी संगीतकार लागला नव्हता.

शेजाऱ्यांचं काय? तुमच्या गाण्यापायी आमची झोप जाते.

मान्य. कोस्टल रोड २०२४च्या मार्चमध्ये सुरू झाला आणि ब्रीच कँडीच्या आसपासच्या लोकांनी रात्रीच्या शर्यतींची आणि सायलेन्सरच्या गोंगाटाची तक्रार करायला सुरुवात केली. बोगद्यात काच खाली करून रेस देणारे महाभाग आहेतच. आमच्या आईचं मत विचाराल तर सगळ्या स्पोर्ट्‌स कार उद्याच विजेवर जाव्यात.

काका, फेरारी खरंच इलेक्ट्रिक येतेय?

येतेय. ९ ऑक्टोबर २०२५ला फेरारीने मारानेल्लोमध्ये आपल्या पहिल्या पूर्ण इलेक्ट्रिक गाडीचं तंत्र उघड केलं. चार मोटर, १,०००हून जास्त अश्वशक्ती, १२२ किलोवॅट-तासाची बॅटरी, ५३० किलोमीटरच्या वर रेंज आणि अडीच सेकंदांत शंभर. वजन सुमारे २,३०० किलो.

बाकी आकडे कोणाही श्रीमंत कंपनीला गाठता येतील. फेरारीने भर दिला तो मोटर, आस आणि बॅटरीचे संच आपल्याच कारखान्यात बनवण्यावर. १९४७च्या पहिल्या १२५ एसपासून ही कंपनी स्वतःला इंजिन बनवणारी म्हणवते. मोटर बाहेरून आणली असती तर तिच्याकडे घोड्याचं चित्र तेवढं उरलं असतं.

मग त्याच दिवशी त्यांचा शेअर का आपटला?

इलेक्ट्रिक गाडी आवडली नाही म्हणून, असं आपल्याकडे सगळ्यांनी फॉरवर्ड केलं. प्रत्यक्षात त्याच कार्यक्रमात पुढच्या काही वर्षांच्या वाढीचा अंदाज बाजाराच्या अपेक्षेपेक्षा कमी सांगितला गेला आणि मिलानमध्ये शेअर एका दिवसात १५ टक्क्यांच्या आसपास घसरला. पण जाता जाता एक गोष्ट त्यांनी कबूल केली. २०३०मध्ये ४० टक्के मॉडेल पूर्ण इलेक्ट्रिक असतील असं २०२२मध्ये ठरलं होतं, ते आता २० टक्क्यांवर आलं. ४० टक्के निव्वळ पेट्रोल, ४० टक्के हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्ही असलेली.

लँबोर्गिनीचंही तेच. २०२३मध्ये लॅन्झाडोर नावाची इलेक्ट्रिक गाडी नमुना म्हणून दाखवली, २०२८चा वायदा केला, मग तो पुढे ढकलला.

पोर्शे तर यात सगळ्यांच्या पुढे होती ना?

होती, आणि म्हणून तिला ठेचही सगळ्यात आधी लागली.

पोर्शेवाल्यांना वीज परकी नाही. फर्डिनांड पोर्शे पंचविशीत असताना त्यांनी लोनर कंपनीसाठी चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवलेली गाडी बनवली. ती १९००च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली होती. म्हणजे आपली विजेची ट्राम सुरू व्हायच्याही सात वर्षं आधी.

२०१९मध्ये टायकान आली. ८०० व्होल्टची यंत्रणा, त्यामुळे झटपट चार्जिंग, पुन्हा पुन्हा जोरात पळवली तरी दम न सोडणारी. चांगली गाडी आहे, यावर फारसं दुमत नाही. पण तिच्या वरच्या मॉडेलचं नाव ठेवलं टर्बो. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, आणि या गाडीला धूरच नाही! लोकांनी भरपूर टिंगल केली. मला ती टिंगल वरवरची वाटली नाही. विजेच्या गाडीला मोठेपण द्यायला कंपनीला पेट्रोलच्या काळातला शब्द उसना घ्यावा लागला. नवा शब्द सापडलाच नाही.

२०३०पर्यंत ८० टक्क्यांहून जास्त गाड्या इलेक्ट्रिक विकू, असं पोर्शेने जाहीर केलं होतं. २०२३मध्ये चाळीस हजारांवर टायकान गेल्या, २०२४मध्ये एकवीस हजारांच्या आत. सप्टेंबर २०२५मध्ये कंपनीने काही इलेक्ट्रिक मॉडेल लांबणीवर टाकली आणि पेट्रोल-हायब्रिडचं आयुष्य वाढवलं.

एक मात्र लक्षात ठेवा. ९११चं इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड करायचं ठरलं तेव्हा, नव्वदीच्या शेवटी, भक्तांनी सुतक पाळलं होतं. २००२ला कायेन ही एसयूव्ही आली तेव्हा दुसरं सुतक. त्याच कायेनच्या पैशावर पुढच्या ९११ बनल्या. त्यामुळे पोर्शे संपली, असं म्हणणारा भेटला की मी विषय बदलतो.

वजन एवढं का वाढतं? आणि वाढलं तर काय बिघडलं?

एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. गाडीत बसवलेल्या बॅटरीच्या एका किलोत ०.२ किलोवॅट-तासाच्याही आत. मोटर ऊर्जा फारशी वाया घालवत नाही, इंजिन दोन-तृतीयांश उष्णतेत उडवतं, हे धरूनही तफावत प्रचंड राहते. म्हणून ९११ दीड टनाच्या आसपास आणि टायकान सव्वादोन टनांच्या.

सरळ रस्त्यावर हे जाणवत नाही, कारण जोर अमाप आहे. बॅटरी तळाशी असल्याने गाडी झुकतही कमी. जाणवतं वळणावर, ब्रेक मारताना, टायरच्या बिलात.

याचा सगळ्यात वाईट फटका बसला लोटसला. कॉलिन चॅपमनने ही कंपनी हलकेपणावर उभी केली. १९९६ची एलिस सव्वासातशे किलोची होती; चारचौघांनी मिळून एक कोपरा उचलावा अशी. याच लोटसची इलेक्ट्रिक एलेत्रे अडीच टनांच्या घरातली एसयूव्ही आहे. गाडी वाईट नाही, पण चॅपमनने हलकेपणा सोडून दुसरं काही सांगितलंच नव्हतं. सगळी ओळख एकाच खुंटीला टांगली की असं होतं. आणि दैवाचा खेळ बघा: टेस्लाची पहिली रोडस्टर २००८मध्ये आली ती एलिसवरच आधारलेल्या सांगाड्यावर. लोटसने ज्या पोराला कडेवर घेतलं त्यानेच पुढे घर हलवलं.

या सगळ्यात मुंबईचा काय संबंध? आपण तर फक्त बघ्ये.

हा समज मला खोडून काढायचाच होता. या भानगडीतली तीन जुनी युरोपीय नावं आज मुंबईतल्या पत्त्यांशी बांधलेली आहेत.

पहिलं नाव जॅग्वार. २००८मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरना घेतल्या. म्हणजे १९६१मध्ये जिनिव्हात ई-टाइप दाखवून जगाला वेड लावणाऱ्या कंपनीचा धनी फोर्टातल्या बॉम्बे हाऊसमध्ये बसतो. बाकीचे हातचं राखून चाललेत. जॅग्वारने सगळा डाव एका पत्त्यावर लावला. २०२४मध्ये एफ-टाइप बंद केली, जुन्या गाड्या गुंडाळत आणल्या आणि यापुढे फक्त इलेक्ट्रिक, तीही आधीपेक्षा खूप महाग, असं जाहीर केलं. नोव्हेंबर २०२४च्या त्या जाहिरातीत तर गाडीच नव्हती, नुसती रंगीबेरंगी कपड्यांतली माणसं. जगभर हसं झालं. डिसेंबरात मायामीत टाइप ०० (शून्य-शून्य म्हणायचं) हा नमुना आला: लांबलचक बॉनेट, ज्याच्याखाली इंजिनच नाही. मला तो बघून आधी चीड आली, नंतर तो आवडायला लागला. ई-टाइपच्या वेळी लांब बॉनेट इंजिनाची गरज होती, इथे ती नुसती आठवण आहे. नोव्हेंबर २०२५पासून जेएलआरच्या (जॅग्वार लँड रोव्हरच्या) प्रमुखपदी पी. बी. बालाजी आहेत, आधी टाटा मोटर्सचा हिशोब सांभाळणारे. डाव फसला तर त्याची झळ इथेच लागणार.

दुसरं नाव पिनिनफारिना. पन्नाशीच्या दशकापासून साठेक वर्षं फेरारीच्या बहुतेक गाड्यांना रूप देणारं ट्यूरिनजवळचं हे घराणं. २०१५मध्ये महिंद्राने ते विकत घेतलं. पुढे महिंद्राच्याच पैशावर ऑटोमोबिली पिनिनफारिना ही वेगळी कंपनी निघाली आणि २०१९ला बातिस्ता ही १,९०० अश्वशक्तीची इलेक्ट्रिक गाडी पुढे आली. संस्थापक बातिस्ता फारिनांना स्वतःच्या नावाची गाडी काढायची होती म्हणतात. ती निघाली वरळीच्या महिंद्रा टॉवर्सच्या पाठबळावर, आणि आतली यंत्रणा होती क्रोएशियाच्या रिमाच या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीची. रूप इटलीचं, पैसा मुंबईचा, ताकद क्रोएशियाची. मग ही गाडी कुठली? कातडी आणि आतडी वेगवेगळ्या गावची असली तरी चालतं, हे इलेक्ट्रिक काळाने किती सहज करून टाकलंय ते इथे दिसतं. (महिंद्रा फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक गाड्यांच्या शर्यतींत २०१४च्या पहिल्या मोसमापासून आहे, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं.)

तिसरं एमजी. मुळात इंग्रजांची, गरिबाची स्पोर्ट्‌स कार बनवणारी. जुनी एमजीबी जेमतेम टनाच्या आत भरायची, वारा खात हिंडायला बरी. आता नाव चीनच्या सॅइककडे आणि भारतातला धंदा सॅइकसोबत भागीदारीत जेएसडब्ल्यूकडे, म्हणजे बीकेसीत. सायबरस्टर त्यांचीच. ती दोन टनांच्या आसपास भरते आणि ५१० अश्वशक्ती देते. जुन्या एमजीच्या मालकांना घाम फुटला असता. तरी दार वर उघडतं, टप उघडतो आणि पाच-सात कोटी नसलेल्यालाही मरीन ड्राइव्हवर मिरवता येतं. माझ्या मते एमजीच्या मूळ स्वभावाला ती वाटते त्यापेक्षा जवळ आहे.

चिनी गाड्यांचा एवढा बाऊ कशाला?

फोन विकणाऱ्या शाओमीने एसयू७ अल्ट्रा नावाची चार दारांची गाडी २०२५मध्ये जर्मनीच्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर ७ मिनिटं ४.९५७ सेकंदांत फिरवली. टायकान टर्बो जीटीपेक्षा जलद, तेही पोर्शेच्या घरच्या अंगणात. त्याच वर्षी बीवायडीच्या यांगवांग यू९ एक्स्ट्रीमने ताशी ४९६ किलोमीटर गाठून बुगाटीचा ४९०चा आकडा मागे टाकला.

आणि पोर्शेचा चीनमधला खप: २०२१ला ९५,६७१, २०२४ला ५६,८८७. तिथल्या श्रीमंत तरुणाला ले मान्सच्या शर्यती आणि आजोबांची ९११ यांचं ओझं नाही. त्याला पडदा मोठा हवा, गाडी झटपट हवी. परंपरा ऐकणारा कान नसेल तर परंपरा विकायची कोणाला?

हायब्रिड म्हणजे धड ना इकडे धड ना तिकडे, असंच ना?

मलाही असंच वाटायचं. मग २०२४ची ९११ जीटीएस आली. तिची बॅटरी फक्त १.९ किलोवॅट-तासाची. त्या विजेवर गाडी मैलभर चालवायचा हेतूच नाही. एक मोटर टर्बोचा पंखा आधीच फिरवून ठेवते आणि दुसरी गिअरबॉक्समधून धक्का देते. वजन वाढलं पन्नासेक किलो, न्युर्बुर्गरिंगवर आधीच्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंद वाचले. लँबोर्गिनीच्या रेव्हुएल्टोने व्ही-१२ ठेवून तीन मोटर जोडल्या. तेमेरारियोचं व्ही-८ तर १०,००० फेऱ्यांपर्यंत किंचाळतं. फोडणीत हिंग घालतात तशी वीज घातली आहे, चिमूटभर.

एकेकाळची जगातली सगळ्यात जलद इलेक्ट्रिक गाडी बनवणाऱ्यानेच पेट्रोलकडे मोर्चा वळवला, खरं का?

मेट रिमाच. या पोराने जुन्या बीएमडब्ल्यूचं इंजिन शर्यतीत उडाल्यावर तिच्यात मोटर बसवली आणि तिथून थेट १,९१४ अश्वशक्तीच्या नेव्हेरापर्यंत पोचला. २०२१मध्ये बुगाटीचा कारभार त्याच्याकडे आला. सगळ्यांना वाटलं, आता बुगाटी विजेवर. त्याने २०२४मध्ये काढली टूरबिलॉन: सोळा सिलिंडर, ८.३ लिटर, टर्बोसुद्धा नाही, सोबत मोटर आहेत पण मान इंजिनाला. काटे-तबकड्या स्विस घड्याळजींनी केलेल्या. नेव्हेरा अपेक्षेइतकी खपत नाही आणि या थरातल्या गिऱ्हाइकाला काहीतरी यांत्रिक हवंय, असं त्याने उघडपणे सांगितलं.

यावरून लोक लगेच घड्याळाचा दाखला देतात. बॅटरीवरचं क्वार्ट्‌झ आलं तरी चावीची स्विस घड्याळं टिकली, तशी इंजिनं टिकतील म्हणे. टिकतीलही. पण चावीचं घड्याळ आपल्याकडेही होतं, एचएमटीचं. बाबांच्या मनगटावर तीस वर्षं होतं. टायटनच्या क्वार्ट्‌झपुढे त्याची कंपनी उरली नाही. जुनेपणाचे पैसे फक्त सगळ्यात वरच्याला मिळतात. मधल्यांना दुकान आवरावं लागतं. मला फेरारीची काळजी नाही. लोटस, मासेराती, जॅग्वार यांची आहे.

मुंबईत यांतली कुठलीही गाडी पळवणार कुठे?

कुठेच नाही. कोस्टल रोडला ८०ची मर्यादा, बोगद्यात ६०. सी लिंकवर ८०. अटल सेतूवर १००. तीन सेकंदांत शंभर गाठलेत तर चौथ्या सेकंदाला ई-चलान.

उरलेल्या वेळी तुम्ही पेडर रोडला उभे असता. तिथे मात्र इलेक्ट्रिक गाडी खरंच बरी: क्लच तापत नाही, इंजिन भाजत नाही, एसी थंड.

टॅक्सचं काय? इलेक्ट्रिक घेतली तर वाचतात ना पैसे?

बरेच. मोठ्या पेट्रोल गाडीवर सप्टेंबर २०२५पासून जीएसटी ४० टक्के, इलेक्ट्रिकवर ५. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा एकरकमी कर जुलै २०२५पासून ३० लाखांपर्यंत जाऊ शकतो. पूर्वी मर्यादा २० लाख होती. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव २०२५च्या अर्थसंकल्पात होता, तो मागे घेतला गेला. ऑगस्ट २०२५पासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोल नाही. पण पूर्ण तयार गाडी परदेशातून आणली तर आयात शुल्क असं बसतं की ही बचत त्यात विरघळते.

सोसायटीत चार्जर लावू देत नाहीत, काय करू?

हा प्रश्न गाडीचा नाही, सेक्रेटरींचा आहे. दिवाळीचा फराळ घेऊन जा.

पंधरा वर्षांनी या गाड्यांना किंमत राहील?

इथे मी खरा घाबरतो. पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, पण एखादी जपून ठेवायची म्हटलं तर आजही कोणीतरी म्हातारा मिस्त्री कार्बोरेटर साफ करून देतो. पन्नास वर्षांपूर्वीची फेरारीही तशीच जगते, खर्च वेगळा एवढंच. यंत्र उघडता येतं, भाग घडवता येतो. बॅटरीचं काय करणार? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जगातलं काहीही मिळतं, पण ८०० व्होल्टची पेटी जुळवून देणारा तिथे बसलेला नाही. फेरारीने हायब्रिड गाड्यांसाठी ठरावीक वर्षांनी बॅटरी बदलून देण्याची योजना काढली आहे, म्हणजे भीती त्यांनाही आहे. वारसा म्हणून नातवाला द्यायची गाडी आणि दर तीन वर्षांनी जुनं होणारं तंत्र, यांचं लग्न जुळवणं अवघड आहे. परदेशात जुन्या टायकानच्या किमती ज्या वेगाने उतरल्या त्यावरून बाजारालाही हे कळलेलं दिसतं.

तुम्ही स्वतः काय चालवता?

बारा वर्षांची स्विफ्ट. विषय पुरे.

टेस्ट ड्राइव्हला जाताना काय बघू?

शोरूमचा पोरगा तुम्हाला एकच गोष्ट दाखवेल: मोकळा रस्ता दिसला की जोरात पाय दाबायला सांगेल. पोटात गोळा येईल, तुम्ही हसाल. ते एकदाच करा, कारण तिसऱ्यांदा त्यातली गंमत अर्धी झालेली असते.

मग स्पीकरमधून येणारा नकली आवाज बंद करायला सांगा. काच खाली घ्या. ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने एखादं घट्ट वळण घ्या, मलबार हिलच्या उतारावर मिळतात तसं, आणि स्टिअरिंगमधून रस्त्याचा खरखरीतपणा हातात येतो का ते बघा. ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवून गाडी सिग्नलला थांबवा. मोटर वेग कमी करते तिथून खरा ब्रेक पकडतो तिथपर्यंत पायाखाली कुठे पायरी लागते का? चांगल्या कंपनीच्या गाडीत ती लागत नाही. स्पीडब्रेकर एकदा सरळ ओलांडा, एकदा तिरका.

हे सगळं होईपर्यंत पोरगा कंटाळलेला असेल. त्याला बाजूला बसू द्या आणि परतीच्या वाटेवर पंधरा मिनिटं काहीच न बोलता चालवा.